थाळ्यातली माझी बाजू

आमच्या दुकानातून कधी कुणाला खोटं माप गेलं नाही, हे मी आयुष्यभर छाती ठोकून सांगत आले. आमचं आडनावच तराजूवाला. दाहोदच्या बाजारात मक्याचा एक व्यापारी दाखवा, ज्याच्या पेढीवर आमचा काटा नाही. सासऱ्यांनी पितळी पारडी विकली, माझ्या नवऱ्याने, जुझरने, लोखंडी काटे विकले आणि दुरुस्त केले, आता आमचा मुलगा हातिम बटणांचे विकतो. वजनमाप खात्याचे साहेब दर वर्षी शिक्के मारायला येतात, आमच्या ओट्यावर चहा पितात आणि म्हणतात, जुझरभाई, तुमचा काटा तपासायचा म्हणजे आमचाच तपासून घ्यायचा. असल्या माणसाने म्हातारपणी स्वतःच्या घरात खोटा काटा ठेवला, आणि तोही बायकोसाठी. सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

सुरुवात काविळीने झाली. ह्यांचे डोळे पिवळे, लघवी पिवळी, मला वाटलं बाहेरचा उसाचा रस प्यायले असतील. मी चांगलं झापलं त्यांना. मग पित्ताच्या वाटेत नळी बसवली, तपासण्या झाल्या, आणि वडोदऱ्याच्या डॉक्टर देवांगीबेननी मला आणि हातिमला समोर बसवून सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतात पोचलाय, ऑपरेशन होणार नाही. केमो देऊ. त्याने बरं होणार नाही, पण दिवस वाढतील. अंगात ताकद असेपर्यंतच देता येईल, म्हणून वजन टिकवा. एवढ्या सगळ्यातलं मी शेवटचं तेवढं ऐकलं. वजन टिकवा. म्हटलं, बाई, हे तर आमचं घरचंच काम. आम्ही दुसरं करतो काय?

तिथे एक आहाराची मुलगी होती, हसरी, हातात वही. ती म्हणाली, काकी, काकांना वेगळ्या ताटात वाढा, म्हणजे किती पोटात गेलं ते कळेल. मी तिला हसले. आम्ही बोहरी माणसं, एका थाळ्यावर बसतो. जमिनीवर सुफरा अंथरायचा, त्यावर तिवई, तिवईवर मोठा थाळा, आणि घरातले सगळे भोवती. आधी चिमूटभर मीठ, मग गोड, मग तिखट, शेवटी पुन्हा मीठ. आमच्या घरात वेगळं ताट एकालाच मिळतं, जो रुसून बसलाय त्याला. आजारी माणसाला वेगळं काढायचं, ते का? त्याने कुणाचं काय घोडं मारलंय? त्या मुलीला म्हटलं, पोरी, थाळा रिकामा होतो की नाही ते मी बघते, तू काळजी करू नकोस.

आणि थाळा रिकामा होत होता. रोज. दुपारचा डबा जमातीच्या स्वयंपाकघरातून येतो, वर्षानुवर्षं येतोय, त्यामुळे माझी दुपारची शेगडी कधीच थंड झाली होती. ती मी पुन्हा पेटवली. दाळ-चावल-पलीदू, मऊ खिचडा, कलमरो म्हणजे दह्यातला भात, पाया शिजवून गाळलेलं पाणी. जेवण पचावं म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल दिली होती. ती डुकरापासून करतात हे सुनेने, इन्सियाने, कुठेतरी वाचून काढलं, तेव्हा घरात दोन दिवस नुसती चुळबुळ. शेवटी हातिम आमिलसाहेबांना, आमच्या जमातीच्या धर्मगुरूंना, विचारून आला. ते म्हणाले, दुसरं औषध नसेल तर घ्या, आधी जीव. मीही तेच म्हणत होते, पण माझं कोण ऐकतं.

आता थाळ्याचं एक आहे. अन्न मधोमध वाढतात, आपण आपल्या बाजूने खात जायचं. कुणी किती खाल्लं हे कोण मोजतंय? आणि दाणा टाकायचा नाही, जे आपल्या बाजूला आलं ते संपवायचंच. त्यातून आमच्या ह्यांची लग्नापासूनची एक सवय. मटणातला मऊ तुकडा दिसला की बोटाने माझ्या बाजूला सरकवायचा. बोलायचं नाही, बघायचं नाही, नुसता सरकवायचा. सासूबाई असतानाही सरकवायचे, आणि मी पदराआड लाल व्हायचे. नणंदा त्यावरून चिडवायच्या. म्हणून आजारपणात तुकडे जास्त येऊ लागले, मग भाताचा ढीगही माझ्याकडे सरकू लागला, तरी माझ्या डोक्यात शंका आली नाही. मला वाटलं, माणूस आजारी पडला की हळवा होतो. मी मुकाट्याने खात गेले. शिंप्याने माझा रिदा, आमचा बायकांचा झगा, दोनदा उसवून सैल केला आणि विचारलं, बेन, घरात काही आनंदाची बातमी? मेल्याला म्हटलं, या वयात?

दर शुक्रवारी मी त्यांना घरच्या काट्यावर उभं करायची. तो पायाखाली ठेवायचा, गोल तबकडीचा, त्यांनीच दुकानातून आणलेला. पहिल्या खेपेला किलोभर कमी, मग सुई बावन्नवर. पुढच्या शुक्रवारी बावन्न. मग मी खूश. इन्सियाला हाक मारून दाखवायची, बघ, माझ्या हाताची चव बघ. वडोदऱ्याला मात्र नर्स काहीतरी कमीच आकडा सांगायची. मी ह्यांच्याकडे बघितलं की हे गंभीर तोंड करून म्हणायचे, दिवसाला शेकडो माणसं चढतात त्यावर, स्प्रिंग बसलीय बिचारीची. मला पटायचं. न पटून सांगते कुणाला? जन्मभर ज्याच्या शब्दावर अख्खा बाजार चालला, त्याचा शब्द मी मानायचा की त्या नर्सचा?

एका खेपेला देवांगीबेननी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, वजन फार उतरलंय, सत्तेचाळीस. आज केमो देत नाही. दोन आठवड्यांनी या. वजन असंच पडत राहिलं तर पुढेही देता येणार नाही.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, बेन, तुमचा काटा खोटा आहे. आमच्याकडे परवाच बावन्न भरलं. आमचं तीन पिढ्यांचं काट्यांचं दुकान आहे, आम्हाला शिकवू नका. काट्यापायी माझ्या माणसाचं औषध थांबवता? हे इथेच बसलेत, पाना द्या हातात, फुकट दुरुस्त करून देतील. खोलीतली नर्स तोंड लपवून हसली. देवांगीबेन हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या वॉर्डातून दुसरा काटा मागवला, नवाकोरा. त्यावरही सत्तेचाळीस. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आपल्या चपलांकडे बघत होते.

गाडीत मी एक अक्षर बोलले नाही. हातिम आरशातून बघायचा आणि पुन्हा रस्त्याकडे. मी बोलत नाही म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे पोराला कळतं.

घरी आल्यावर हे आडवे झाले. मी दुकानात गेले आणि वीस किलोचं लोखंडी माप उचलून आणलं, सरकारी शिक्क्याचं. कसं आणलं ते माझं मला माहीत, कंबर अजून बोलते. घरचा काटा खोलीच्या मधोमध ठेवला. सुई शून्यावर, साळसूद. वर माप ठेवलं. बावीस.

विसाचे बावीस. म्हणजे बावन्नाचे किती, हे तराजूवाल्याच्या बायकोला कुणी सांगायला लागत नाही. मी तिथेच जमिनीवर बसले. आवाजाने हे उठून आले आणि दाराला धरून उभे राहिले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी माप बघितलं, सुई बघितली. "बावीस," म्हणाले. "वीस पाहिजे होतं."

"कुणी केलं हे?"

"इतकं साफ काम दाहोदमध्ये दुसरं कोण करतं?"

मग मी सुटले. जे तोंडात आलं ते बोलले. लबाड म्हटलं, चोर म्हटलं, सासऱ्यांचं नाव बुडवलंत म्हटलं. माझ्या हाताचं खात नव्हतात, तर ते सगळं मला चारत होतात, मला हत्ती करून ठेवलंत आणि स्वतः काडी झालात, आणि वर मला डॉक्टरसमोर तोंडघशी पाडलंत. मागाहून कळलं, हे दर गुरुवारी दुपारी, मी डोळा लावला की, आतल्या पट्टीचा स्क्रू थोडा थोडा सरकवत होते. जितकं वजन उतरेल तितका स्क्रू. बोलून बोलून मी दमले तेव्हा ते हळूहळू खाली बसले, मापाच्या पलीकडे.

"पहिल्या शुक्रवारी मी किलोभर उतरलो होतो," म्हणाले. "तुझा चेहरा बघवला नाही. दिवसभर तू तोंडात घास घातला नाहीस. पुढच्या शुक्रवारी बावन्न दिसलं, तर स्वयंपाकघरात गुणगुणत होतीस. कधीपासून ऐकलं नव्हतं ते."

"अहो, पण घास उतरत नाही असं मला सांगायचं ना."

"तुला सांगितलं की तू ऐकत नाहीस, दुरैया. तू रांधायला उठतेस."

खरंच मी तेव्हाही अर्धी उठलेच होते, पायाचं पाणी गरम करायला.

पण राग इतक्यात उतरतो होय? दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना वेगळी ताटली मांडली. छोटी, स्टीलची. त्यात मोजून भात, मोजून खिमा, वाटीत कलमरो. म्हटलं, बघूच आता कुठे सरकवताय. हातिम आणि इन्सिया थाळ्याशी बसले, मी बसले, आणि हे दोन हात लांब, ताटलीसमोर. इन्सियाने मीठ फिरवलं. त्यांच्यापर्यंत हात पोचेना, म्हणून तिला उठावं लागलं. कुणी मान वर करेना. हातिम एकच घास चावत बसला होता.

त्यांनी खाल्लं. माझ्या डोळ्यांसमोर चार घास गिळले, पाचव्याला उठून मोरीकडे गेले. आतून आवाज येत होता. परत आले ते भिंतीला धरून, चेहरा राखेसारखा. ताटलीसमोर बसले आणि माझ्याकडे बघून अगदी साधं बोलले.

"तिथे मी जेवत नव्हतो, पण बसत तर होतो. तेवढं राहू दे मला."

माझा जीव असा कळवळला म्हणता. काय केलं मी हे? ज्या माणसाने जन्मात कुणावर रुसून दाखवलं नाही, त्याला मी रुसलेल्याच्या ताटावर बसवलं. मी ती ताटली उचलली, त्यातलं सगळं थाळ्यात उपडं केलं, आणि हाताला धरून त्यांना माझ्या शेजारी आणून बसवलं. इन्सिया तोंड फिरवून डोळे पुसत होती.

मग आम्ही दोघांनी ठरवलं. मी म्हटलं, आता काही सरकवायचं नाही. जे जाणार नाही ते तुमच्यासमोर तसंच राहू द्या, मला दिसू दे. मी तोंड वाकडं करणार नाही, आणि उठून रांधणारही नाही. शेवटी ते मी खाईन, पण तुमच्यासमोर, उघड. आणि काटा खरा करून द्या. ते म्हणाले, कबूल.

काटा त्यांनी ओट्यावर बसून दुरुस्त केला. बोटांना सुया टोचल्यासारखं व्हायचं, केमोने होतं तसं, त्यामुळे स्क्रू दोनदा हातातून निसटला. हातिम म्हणाला, बावाजी, द्या मी करतो. त्यांनी दिलं नाही. माप ठेवलं, वीस. मग स्वतः चढले आणि मला म्हणाले, वाच. मी वाचलं, सत्तेचाळीस. चेहरा मी धरून ठेवला. मग मला म्हणाले, आता तू चढ, बघू माझा माल कुठे गेला. मी म्हटलं, माझं मला माहीत आहे, सरका बाजूला.

ते दोन आठवडे आम्ही खरं खरं जेवलो. दिवसातून सहा-सात वेळा, वाटीभरच. त्यांना काय जातं ते त्यांनी सांगायचं, मी ऐकायचं. ऐकणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. असं कळलं की गरम अन्नाचा वासच त्यांना सोसत नव्हता, गार कलमरो मात्र जायचा. इतके महिने मी वेडी वाफाळती भांडी त्यांच्या नाकासमोर नाचवत होते. एक मात्र झालं. मटणाचा मऊ तुकडा दिसला की त्यांचा हात जायचा, थोडा पुढे जायचा, आणि मागे यायचा. ठरलं होतं ना, सरकवायचं नाही. ती सवय बंद करा असं मला म्हणायचं नव्हतं हो. पण तोंडाने एकदा बोलले ते बोलले, आता काय सांगू, मला तुकडा द्या म्हणून?

वडोदऱ्याला गेलो तेव्हा घरी साडेसत्तेचाळीस भरून गेलो होतो. तिथेही साडेसत्तेचाळीस. माझी छाती अशी फुलली. देवांगीबेनना म्हटलं, बघा, आता दोन्ही काटे एकच बोलतात. त्या म्हणाल्या, काकी, शाबास. मग त्यांनी दार लोटलं आणि नव्या स्कॅनचं सांगायला लागल्या. यकृतातल्या गाठी वाढल्या होत्या. हे औषध आता काम करत नव्हतं. दुसरं एक आहे, जास्त कडक आहे, उपयोग होईल असं खात्रीने सांगता येत नाही. घ्यायचं का? तो प्रश्न त्यांनी ह्यांना विचारला, मला नाही.

हे माझ्याकडे बघायला लागले. मला त्यांची ती नजर ओळखीची होती. शुक्रवारी काट्यावर उभं राहून ते असंच बघायचे, सुईकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे. मला काय हवंय ते बघून तेवढा आकडा द्यायचा. मला हवं होतं की त्यांनी हो म्हणावं. खोटं कशाला बोलू, अजूनही तेच हवं होतं. अर्धा किलो मी उगाच मिळवला होता का? पण मी हात मांडीवर ठेवले, चेहरा जितका सरळ ठेवता येईल तितका ठेवला आणि म्हटलं, "खरं सांगा. मी उठणार नाही."

"मला घरी जायचंय," ते म्हणाले. "सुया पुरे झाल्या आता."

देवांगीबेननी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ऐकलंत ना बेन? ते म्हणाले तसंच लिहा."

मग दुखण्याचं औषध, मळमळीचं औषध, घरी कोण नर्स येईल, सगळं त्यांनी समजावलं आणि हातिमने लिहून घेतलं. मी बाहेर बायकांच्या न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. तोंड धुतलं आणि परत आले. हे बाकावर बसले होते. सरकून त्यांनी मला जागा केली आणि म्हणाले, डोसी, अगं म्हातारे, चेहरा चांगला धरलास आत. मी म्हटलं, तुमच्याकडूनच शिकले, खोटा काटा कसा ठेवायचा ते. ते हसले. हसताना पोटाला हात लावावा लागतो त्यांना आता, पण हसले.

शुक्रवारी मी काटा काढलाच नाही. पलंगाखालीच राहू दिला. इन्सियाने मटण केलं होतं, हातिमने दहा वेळा मागितलं म्हणून, आम्हा तिघांसाठी. ह्यांच्यासाठी गार कलमरो. थाळा मांडला, मीठ फिरलं, आम्ही चौघे बसलो. हे माझ्या खांद्याला टेकून बसतात हल्ली, पाठ धरवत नाही. त्यांनी कलमरोचे दोन चमचे खाल्ले आणि थांबले. त्यांच्यासमोरचं तसंच राहिलं, मला दिसत होतं. मी उठले नाही.

मग त्यांचा हात पुढे गेला. रश्श्यात बोट घालून त्यांनी एक तुकडा शोधला, नळीजवळचा, मऊ, उलटा करून बघितला, आणि सावकाश माझ्या बाजूला सरकवला. हातिमचा घास हातातच राहिला.

मी म्हटलं, "ठरलंय ना आपलं? जे जात नाही ते समोर राहू द्यायचं."

"हा त्यातला नाही," ते म्हणाले. "हा तुझाच आहे."

मी तो खाल्ला. पदर नसला तरी सासूबाईंसमोर व्हायचे तशी लाल झाले असेन, कारण इन्सिया माझ्याकडे बघून हसत होती. मग तिने शेवटचं मीठ फिरवलं. त्यांनी चिमूटभर घेतलं, मी घेतलं, आणि त्यांच्यासमोर जे राहिलं होतं ते मी माझ्या बाजूला ओढून संपवलं.